आरतीला काउबॉय हॅट काढायची की ठेवायची?

माणदेशी_डॅलसकर
९ सप्टेंबर २०२४, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मी बावन्न वर्षांचा. डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात एकवीस वर्षं राहतोय, डेटाबेस सांभाळायची नोकरी. डोक्यावर केस नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मुलाच्या क्रिकेटच्या मॅचला तीन तास उभा राहिलो आणि दोन दिवसांनी टकलाची सालं निघायला लागली, उकडलेल्या बटाट्यासारखी. बेसबॉल कॅप घालून बघितली. ती कपाळ झाकते. कान आणि मान उन्हातच. बायको म्हणाली, छत्री धर. टेक्सासमध्ये पुरुषानं उन्हासाठी छत्री धरली तर लोक गाडी थांबवून विचारतील, बाबा, बरं आहे ना?

मग मे महिन्यात पाहुण्यांना फोर्ट वर्थचं स्टॉकयार्ड्स, म्हणजे तिथला जुना गुरांचा बाजार, दाखवायला नेलं होतं. तिथे रोज साडेअकराला आणि चारला लाँगहॉर्न गुरं रस्त्यावरून नेतात, पर्यटकांसाठी. घोड्यावर पाचसहा गुराखी, मधे डुलत चाललेली गुरं. पाहुणे व्हिडिओ काढत होते आणि मी मनात हिशेब करत होतो, की ह्यातला डावीकडचा बैल लंगडतोय आणि कुणाचं लक्ष नाही. माझं गाव म्हसवडजवळ. आमच्याकडे खिल्लार. दहावी होईपर्यंत प्रत्येक सुट्टीत मी गुरं राखलीयत. लाँगहॉर्नची शिंगं आडवी पसरलेली, आमच्या खिल्लाराची मागे वळून वर गेलेली, पण चालताना मान टाकायची तऱ्हा तीच.

इथे एक म्हण आहे, ‘ऑल हॅट, नो कॅटल’. टोपी मोठी, गोठा रिकामा. ज्याच्याकडे एकही गाय नाही पण रुबाब मात्र जमीनदाराचा, त्याला असं म्हणतात. माझ्या ऑफिसात एक जण रोज हॅट घालून येतो, त्यानं गाय फक्त बर्गरमध्ये पाहिलीय. मी म्हटलं, इथे हॅट घालायचा हक्क कुणाला असेल तर मला. काउबॉय म्हणजे तरी काय, गुराखीच.

तर तिथल्याच एका दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदारानं डोक्याला टेप लावली. घेर पावणेतेवीस इंच. ह्याला तो म्हणाला सव्वासात नंबर. मला कळेना. गावाकडे टोपीवाल्याला घेर इंचात सांगितला की झालं. नंतर घरी गणित केलं तेव्हा कळलं, हे लोक घेराला गणितातल्या पायनं (π) भागतात, म्हणजे डोक्याचा व्यास सांगतात. पण डोकं गोल थोडंच असतं! माझं मागेपुढे लांबुळकं निघालं. कपाळावर हॅट रुतत होती आणि कानांवर सैल. त्यानं केटलीसारख्या यंत्रातून वाफ सोडली, हॅट वाफेवर धरली, दोन्ही हातांनी दाबली आणि परत घातली. अशी बसली, की मला वडिलांची आठवण आली. ते खळ दिलेली टोपी रात्री गादीखाली दाबून ठेवायचे आणि सकाळी दोन्ही टोकं बोटांनी उघडून एकदाच डोक्यावर ठेवायचे. परत हात लावायचा नाही.

ती स्ट्रॉची, म्हणजे वाळक्या काड्यांची, उन्हाळ्यातली. नियम असा सांगितला, की स्ट्रॉ लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, त्यानंतर दाबून घट्ट केलेल्या केसांची फेल्ट. मी नियमाचा माणूस, ऑगस्टअखेर फेल्टचीही घेतली. चांदीच्या रंगाची, वर मधे एक लांब खळगा आणि दोन बाजूंना दोन, ह्याला कॅटलमन म्हणतात. काठ चार इंच. किंमत बायकोला सांगितली त्याच्या दुप्पट आहे.

चार महिने मी हॅट घालून किराणा आणतो, गॅस भरतो, ऑफिसला जातो. टेक्सन माणूस माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एकदा एका कृष्णवर्णीय आजोबांनी पार्किंगमध्ये त्यांच्या हॅटच्या काठाला दोन बोटं लावली, मीही लावली, संपलं. बघतो तो फक्त आपला माणूस. इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडत असलो, की मागून आवाज येतो, ‘काय सरपंच, घोडा कुठं बांधला?’ गेल्या महिन्यात हे वाक्य मला चार जणांनी ऐकवलं, आणि चौघांनाही वाटलं की आपणच पहिले.

असो. मुद्द्यावर येतो.

परवा शनिवारी गणपती बसले. लेबर डे २ तारखेला झाला होता, म्हणून मी फेल्टची घालून गेलो. बाहेर पस्तीस अंश, पण नियम म्हणजे नियम. मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. आरतीला उभे राहिलो. समोर दोन जण कोल्हापुरी फेट्यात, सातआठ जण गांधी टोपीत, पोरांच्या डोक्यावर शिवून आलेले भगवे फेटे, एक जण तर चक्क बेसबॉल कॅपमध्ये. आणि सुखकर्ता सुरू होणार तेवढ्यात शेजारचे एक काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘अहो, आरती आहे. ती टोपी काढा.’

मी काढली. मोठ्या माणसाचा शब्द. पण मग ठेवू कुठे? बगलेत धरली तर टाळ्या वाजवता येईनात. डाव्या हातात हॅट, उजव्या हातानं मांडी बडवत मी ‘जय देव जय देव’ केलं.

आणि डोक्यात भुंगा लागला. आमच्या घरी उघडं डोकं हाच अपमान होता. वडील देवाला गेले तर टोपी घालून, कीर्तनाला बसले तर टोपी घालून, तहसीलदारापुढे टोपी घालून. बोडक्या डोक्यानं कुणी दारात आला, तर आजी आधी विचारायची, ‘कोण गेलं?’ आणि इथे नेमकं उलटं. प्रार्थना, राष्ट्रगीत, जेवणाचं टेबल, सगळीकडे हॅट काढणं म्हणजे मान देणं. आता हॅट इथली, देव आपला, डोकं माझं. नियम कुणाचा लावायचा?

काढायची असेल तर फेटेवाल्यांनी का नाही काढायची? ठेवायची असेल तर काकांना काय उत्तर देऊ? रविवारी १५ तारखेला विसर्जन आहे, त्याच्या आत सांगा.

---

खारी_बिस्कीट
१० सप्टेंबर, सकाळी ८.३५ (भारत)

घोडा कुठं बांधला?

(पाचवा मी. आता धाग्यावर खुंटी मारून बसतो.)

---

प्राजक्ता_ह्युस्टन
१० सप्टेंबर, सकाळी ७.१५

डॅलसकर, तुमचा प्रश्न मला अजिबात विनोदी वाटला नाही. मी सोळा वर्षं ह्युस्टनच्या एका इस्पितळात फार्मसीत आहे. आमच्याकडे रोडिओ, म्हणजे घोडे-गुरांच्या खेळांची मोठी जत्रा, सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी ‘गो टेक्सन डे’ असतो. त्या दिवशी हृदयाचे डॉक्टरसुद्धा बूट आणि हॅट घालून राउंड घेतात. हा रोडिओ १९३२ पासून भरतोय, आणि त्या दिवशी हॅट न घातलेलाच उपरा वाटतो. पहिल्या वर्षी मी सलवार कमीजवर हॅट घातली होती. सगळ्यांनी कौतुक केलं, एकानंही घोड्याची चौकशी केली नाही.

मला जे नियम इथल्या बायकांनी शिकवले ते सांगते, कारण तुमच्या दुकानदारानं निम्मेच सांगितलेले दिसतात.

हॅट उचलायची ती काठाला धरून. वरच्या खळग्यात चिमटा घालून उचललीत, तर वर्षभरात तिथे भोक पडतं. खाली ठेवायची ती उलटी, घुमट खाली आणि तोंड वर. काठावर ठेवली तर काठ चपटा होतो. लोक म्हणतात, तोंड वर असलं की नशीब आत पडतं, ते वेगळंच. पलंगावर कधीच ठेवायची नाही, तो मोठा अपशकुन. माझ्या सहकारिणीच्या वडिलांनी ह्यावरून पाहुण्याला घराबाहेर काढलंय. दुसऱ्याच्या हॅटला न विचारता हात लावायचा नाही. उन्हात गाडीत ठेवायची नाही, आतली चामड्याची पट्टी आकसते आणि सव्वासातची सात होते. मग तुम्हाला वाटेल डोकं वाढलं.

राष्ट्रगीत, प्रार्थना, अंत्ययात्रा जात असली तर, आणि जेवायला बसल्यावर काढायची. दुकानात, लिफ्टच्या लॉबीत, विमानतळावर डोक्यावर राहिली तरी चालते, ती सगळी रस्त्यासारखीच धरतात. बायकांना सूट आहे, आम्ही आत घातली तरी कुणी काही म्हणत नाही. मागच्याला दिसत नसेल तर मात्र काढायची.

म्हणून माझं मत: नियम हॅटबरोबर येतो. फेटा बांधलात तर फेट्याचा नियम, तो डोक्यावर राहतो. हॅट घातलीत तर हॅटचा, ती प्रार्थनेला उतरते. साडी नेसून भांगड्याला गेलं तर पदर खोचावाच लागतो ना! काका बरोबर बोलले, भले त्यांना कारण माहीत नसेल.

---

पेठेतला_फेडोरा
१० सप्टेंबर, रात्री ८.५० (भारत)

डॅलसकर, तुम्ही सुखात आहात हो. तुमच्याकडे निदान ऊन, घोडे आणि आजोबा आहेत. मी पुण्यात, सदाशिव पेठेत, रोज फेडोरा हॅट घालणारा माणूस आहे. सात वर्षं झाली. शाळेत इतिहास शिकवतो. मुलांनी नाव ठेवलंय ‘डिटेक्टिव्ह’. चोर ठेवलं नाही हे नशीब.

पहिला त्रास दुचाकीचा. हेल्मेट घातलं तर हॅट कुठे? डिकीत मावत नाही, हँडलला अडकवली तर बाजीराव रस्त्यावर उडते. मी शेवटी केक नेतात तसला पुठ्ठ्याचा डबा मागे बांधून फिरतो. सिग्नलला एकदा शेजारच्या स्कूटरवरच्या आजींनी विचारलं, ‘कुणाचा वाढदिवस?’ रिक्षात बसलो, की पहिल्या खड्ड्याला छताला आपटून घुमटाचा पापड होतो. मुंबईच्या लोकलमध्ये एकदाच घातली होती. दादरला मी उतरलो, हॅट कुर्ल्याला गेली असावी.

दुसरा त्रास पावसाळ्याचा. फेल्ट म्हणजे शेवटी सशाचे किंवा बीव्हरचे केस, नाहीतर लोकर, दाबून घट्ट केलेली. पुण्यात जुलैत कपाटात ठेवली की बुरशी, बाहेर ठेवली की कसर. मी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पावसात भिजली तर पंख्याखाली उलटी ठेवून आपोआप वाळू द्यायची, हेअर ड्रायर मारायचा नाही. आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटवून ठेवायची, म्हणजे आकार पट्टीवर तोलला जातो. हे मी दोन हॅटा घालवून शिकलो.

तिसरा त्रास इंटरनेटचा. तुम्ही काउबॉय हॅट घातली तर लोक घोडा विचारतात. फेडोरा घातली तर तरुण पोरं गालात हसतात, कारण दहाबारा वर्षांपूर्वी इंग्रजी इंटरनेटवर ‘फेडोरावाला’ म्हणजे मुलींपुढे वाकून ‘माय लेडी’ म्हणणारा, घराबाहेर न पडणारा पोरगा अशी चेष्टा सुरू झाली. त्यातली गंमत अशी, की त्या चित्रांतली पोरं बहुतेक फेडोरा घालतच नाहीत. ती ट्रिल्बी. हिचा काठ आखूड, दीड इंचाचा, मागून वर वळलेला. फेडोराचा काठ रुंद, पुढून खाली वाकवता येतो. दुसऱ्याच टोपीच्या पापाचं ओझं आम्ही वाहतो.

नावांची गंमत सांगायचा मोह आवरत नाही, शिक्षक आहे. दोन्ही नावं रंगभूमीवरून आली. व्हिक्टोरिएं सार्दूच्या ‘फेडोरा’ नाटकात १८८२ साली सारा बर्नहार्ट राजकन्या फेडोरा झाली होती. म्हणजे ही टोपी आधी बायकांची. पुरुषांच्या डोक्यावर ती १९२० च्या दशकात रुळली, इंग्लंडचा युवराज एडवर्ड घालायला लागल्यावर तर फारच. ट्रिल्बीही तशीच, कादंबरीवरून नाटक झालं, १८९५ च्या लंडनमध्ये, त्यातली. आणि अजून एक: केनेडीनं हॅट घातली नाही म्हणून अमेरिकेतल्या हॅटा गेल्या, असं लोक ठोकून देतात. १९६१ च्या शपथविधीला तो उंच रेशमी टोपी घेऊन आला होता, भाषणापुरती काढली. हॅटा त्याच्या आधीपासूनच उतरत होत्या. कारची छपरं बुटकी झाली आणि चालत जाणारा माणूस चालेनासा झाला, हे कारण मला जास्त पटतं. माझी रिक्षा त्याला साक्ष आहे.

आरतीचं म्हणाल तर मी काढतो. कारण काही नाही, निरांजनाला वाकलो की काठ पेटेल अशी भीती वाटते.

---

माणदेशी_डॅलसकर
१० सप्टेंबर, सकाळी ११.२० (डॅलस)

@प्राजक्ता, पलंगाचं माहीत नव्हतं. चार महिने मी पलंगावरच ठेवतोय. आता कळलं, जूनमध्ये गाडीचा गिअरबॉक्स का गेला.

@पेठेतला, केनेडीवरून आठवलं. स्टॉकयार्ड्सपासून थोड्याच अंतरावरच्या हॉटेलात २२ नोव्हेंबर १९६३ ला सकाळी नाश्त्याच्या कार्यक्रमात त्याला काउबॉय हॅट भेट दिली होती. लोक ओरडत होते, घाला, घाला. त्यानं घातली नाही, हसून म्हणाला की सोमवारी व्हाइट हाउसमध्ये घालीन, बघायला या. त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी डॅलसमध्ये गोळी लागली. गोळी लागली त्या चौकावरून मी आठवड्यातून दोनदा जातो. हॅट घातल्यापासून तिथे सिग्नलला थांबलो, की ती हॅटच आठवते.

पण नियम हॅटबरोबर येतो हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. डोकं तर गावचं आहे.

---

आजी_ऑनलाइन
१० सप्टेंबर, रात्री १०.३०

देवाला काय फरक पडतोय रे बाबा. चार इंचाचा काठ म्हणतोस, तुझ्या मागं उभ्या असलेल्या पोराला गणपती दिसला का, तेवढं सांग. माझ्यापुढं फेटा बांधून कुणी उभा राहिला तर मी त्यालाही बाजूला सरक म्हणते. मागच्या भिंतीला उभा राहा आणि खुशाल ठेव.

---

बखरवाचक
११ सप्टेंबर, सकाळी ६.४५ (भारत)

धागाकर्त्यांनी नकळत जुन्या दुखण्याला हात घातलाय. आपल्याकडे युरोपीय माणसाला एका शब्दात ओळखायचे: टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासिस (फ्रेंच) ह्या सगळ्यांना मिळून हाच शब्द आहे. ते सावकारांत गणले जात असले, तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, सावध राहा, असा इशाराही आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला काठाची टोपी दिसली की त्यामागे गलबत दिसायचं. तुमच्या काकांच्या कानात तोच अमात्य कुजबुजला असेल. गांधी टोपी त्यांना टोपी वाटतच नाही, ती डोक्याचा भाग वाटते. तुमची हॅट मात्र टोपीकराची.

पण ह्याच साहेबी टोपीचा उलटा वापरही झालाय. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर भगतसिंग लाहोरमधून निसटले ते केस कापून, सुटाबुटात, हॅट घालून. बरोबर पत्नी म्हणून दुर्गाभाभी, त्यांचं लहान मूल, आणि नोकराच्या वेषात सामान घेऊन आपले खेडचे राजगुरू. स्टेशनवर पोलिस शीख तरुण शोधत होते. हॅटवाल्या साहेबाला कोण अडवणार? भगतसिंगांचा हॅटमधला जो फोटो घराघरात आहे, तो १९२९ सालचा, दिल्लीतल्या स्टुडिओतला. आज त्या फोटोला हार घालताना कुणी म्हणत नाही, की आधी टोपी काढा.

जाता जाता, तुमचा काउबॉयसुद्धा मूळचा टोपीकर नव्हेच. टेक्सासमध्ये गुरं हाकायची विद्या मेक्सिकन वाकेरोंची, म्हणजे तिथल्या गुराख्यांची. रँच, रोडिओ, लासो हे शब्द स्पॅनिशमधून आले, आणि रुंद काठाची कल्पनाही बरीचशी त्यांच्या सोंब्रेरो टोपीतून. काउबॉय हॅट बनवणाऱ्या स्टेटसननं १८६५ साली कारखाना काढला तो फिलाडेल्फियात, जिथे गुरांपेक्षा गिरण्या जास्त होत्या. तेव्हा ‘ऑल हॅट, नो कॅटल’चा पहिला मानकरी खुद्द हॅटवालाच म्हणायला हरकत नाही.

हॅट ठेवा. कुणी विचारलं तर सांगा, खिल्लारवाला आहे.

---

खारी_बिस्कीट
११ सप्टेंबर, सकाळी ९.१०

फोटो टाका हो, किती वेळ नुसतं वर्णन वाचायचं. आणि त्या काकांचाही टाका.

---

माणदेशी_डॅलसकर
१६ सप्टेंबर, रात्री ८.००

काल विसर्जन झालं. वृत्तांत देतो.

शनिवारी वडिलांशी व्हिडिओ कॉल झाला. मुद्दाम हॅट घालून बसलो. ते चौऱ्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, पण दिसायला सगळं दिसतं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘सावली चांगली पडत आसंल.’ मी आरतीचं विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. ‘टोपी काढायची कशापायी? केस दावायचं हायती व्हय देवाला?’ आणि टकल्या पोराकडे बघून स्वतःच हसले. मग विचारलं, खळ किती दिवसांनी देता हिला. म्हटलं, हिला खळ देत नाहीत, वाफ देतात. ते म्हणाले, मग ही टोपी न्हवं, भाकरी हाय.

तर एका बाजूला वडील आणि बखरवाचक, दुसऱ्या बाजूला प्राजक्ता आणि ते काका. मी दोन्ही साधायचं ठरवलं. खिशात वडिलांची गांधी टोपी घडी करून नेली. २०१९ ला गावाहून येताना त्यांनी दिली होती, अजून त्याच घडीत होती. आरती सुरू झाल्यावर हॅट काढली, गांधी टोपी घातली. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी हॅट बाजूच्या खुर्चीवर ठेवली, प्राजक्तांनी सांगितल्याप्रमाणे उलटी, तोंड वर. दोन्ही हात मोकळे, टाळ मिळाले, मी खूष. घालीन लोटांगण पूर्ण स्वतःभोवती फिरून म्हटलं.

मागे वळून बघतो तो हॅटमध्ये एक डॉलरची नोट. खुर्ची नेमकी आरतीच्या ताटाशेजारी होती. कुणीतरी पहिली टाकली आणि मग रांगच लागली. मी काही बोलेपर्यंत एका वहिनींनी पाचची टाकली आणि हॅटला हात लावून नमस्कार केला. दुसऱ्याच्या हॅटला हात लावू नये हा नियम त्यांना माहीत नसावा. सगळे मिळून एक्केचाळीस डॉलर जमले. खजिनदारांकडे दिले; त्यांनी पावती कुणाच्या नावानं करू विचारलं. मी म्हटलं, हॅटच्या.

हे सगळं ठीक होतं. पण नोटांच्या मागून एका पोरानं नैवेद्याचा मोदक आणून हॅटमध्ये ठेवला. मोठ्या भक्तीनं, दोन्ही हातांनी. उकडीचा, वरून तूप सोडलेला. मला दिसेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. आतलं साटीनचं अस्तर तर गेलंच, पण तूप झिरपून घुमटाच्या बाहेर चांदीच्या रंगावर रुपयाएवढा पिवळा डाग उमटलाय. बायको म्हणतेय डिशवॉशचा साबण लावू या. मी हॅट कपाटावर उंच ठेवलीय आणि दाराला कडी लावलीय.

आता प्रश्न बदलला. फेल्टवरचा तुपाचा डाग कसा काढायचा?

---

पेठेतला_फेडोरा
१७ सप्टेंबर, सकाळी ७.३० (भारत)

साबण नको! पाणी तर अजिबात नको. मला हा डाग लागलेला आहे, साबुदाणा वड्याचा.

आतून बाहेरून कॉर्नस्टार्च थापा, जाड थर. रात्रभर ठेवा, ते तूप ओढून घेतं. सकाळी मऊ ब्रशनं लवेच्या दिशेनं हलक्या हातानं झाडा. पिवळं दिसलं तर परत थापा, मला चार वेळा करावं लागलं. डाग जाईपर्यंत वाफ देऊ नका, गरमीनं तूप पसरतं आणि मग ते कायमचं तिथलं. अस्तराचा नाद सोडा, ते बदलून मिळतं.

आणि हो, कॉर्नस्टार्चच. घरातल्यांना नुसतं ‘पीठ आण’ म्हणू नका. माझ्याकडे पहिल्या रात्री बेसन आलं होतं.

---

खारी_बिस्कीट
१७ सप्टेंबर, सकाळी ७.४४ (भारत)

मोदकाचं काय झालं?

---

माणदेशी_डॅलसकर
१६ सप्टेंबर, रात्री ९.२० (डॅलस)

खाल्ला. प्रसाद होता.